उपासाच्या दिवशीचे झटके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ती बिचारी हॉलमधलं माझ्या सत्काराचं स्मृतिचिन्ह अजून कौतुकानं पुसते. पुसू नको, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

मी नांदेडला सर्जन आहे. हदगावकडची एक बाई पित्ताशयातल्या खड्यांसाठी माझ्याकडं भरती झाली. तिला अधूनमधून झटकेही यायचे. गावात म्हणायचे अंगात येतं, डॉक्टर म्हणायचे फिट. मीही तेच धरून चाललो. ऑपरेशनसाठी सकाळी उपाशी ठेवली, तर वॉर्डातच झटका. वत्सलाताई — वीस वर्षं माझ्यासोबत काम केलेल्या सिस्टर — यांनी लगेच तिच्या बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. पार तळाला!

“सर, ही बाई उपाशी असली की पडायली बघा. घरीबी मंगळवारच्या उपासालाच पडती म्हणे. मी विचारलं तिला.”

मी विचारलं नव्हतं. ऑपरेशन थांबवलं, तपासण्या केल्या. स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ निघाली. तीच रक्तातली साखर खाली ओढत होती. गाठ मी काढली, सफाईनं काढली — तेवढं माझं. बाई बरी झाली.

मग लातूरला डॉक्टरांच्या कार्यक्रमात या केसबद्दल माझा सत्कार झाला. ताईंना मीच आग्रहानं नेलं. नवी साडी नेसून त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं तुम्हाला? आणि मी — काय सांगू तुम्हाला — माईक हातात घेऊन म्हणालो, उपास आणि झटके, हा संबंध माझ्या लक्षात आला. टाळ्या पडल्या. ताईंनीही वाजवल्या.

परतीच्या गाडीत त्या नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, भांडतील. भांडल्या असत्या तर किती बरं झालं असतं! पुढं सहा वर्षं त्या माझ्यासोबतच होत्या — वेळेवर, चोख, “हो सर.” पण आपणहून एक शब्द नाही. त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभातही मी त्यांच्या हसऱ्या स्वभावावरच बोललो. भित्रा! दुसरं काय?

आता त्या धर्माबादला लेकीकडं असतात. नंबर आहे माझ्याकडं — लावलेला नाही. त्यांची फार आठवण येते. राउंडला एखादा पेशंट कळेनासा झाला की मी कॉटपाशी उगाच रेंगाळतो, कुणीतरी काही बोलेल म्हणून. नवी सिस्टर अदबीनं फाइल मिटते आणि विचारते, “पुढं जायचं का, सर?”

मी पुढं जातो.