हेडफोनमधली खरखर

यंदा गणपतीत बाबा मंडळाच्या हॉलपर्यंत चढू शकणार नव्हते. गुडघ्यांनी साथ सोडली होती. आमच्या मंडळात आरतीची पहिली ओळ बाबाच उचलतात, मग बाकीचे. मी लहानपणापासून हेच पाहत आलोय. म्हणून ठरलं, की त्यांचा आवाज घरीच रेकॉर्ड करायचा आणि तिथे स्पीकरवर लावायचा. घरात असले उद्योग करणारा मी एकटाच, तेव्हा काम माझ्या गळ्यात पडलं.

बाबांची अट एकच होती. कानात आवाज हॉलसारखा घुमला पाहिजे, कोरडा आवाज ऐकत त्यांना गाता येत नाही. मी त्यांच्या ट्रॅकवर घुमारा देणारा प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लावला आणि त्याच्या आधी, त्यांना न सांगता, सूर सरळ करणारा एक. वरच्या सुरावर बाबांचा आवाज हल्ली हलतो. मंडळात ते कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

दुपारी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. बाहेरून नया बाजारातले हॉर्न तरीही येतच होते. बाबांनी डोळे मिटून पहिली ओळ उचलली आणि मध्येच थांबले.

"अरे, आवाज फाटतोय माझा," ते म्हणाले.

फाटत नव्हता. खरखरत होता तो माझा कॉम्प्युटर. स्क्रीनवर त्याच्या आठ कोअरच्या, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या आठ गड्यांच्या, आठ पट्ट्या: सात जण आरामात लोळत पडलेले आणि एक लालभडक. एका ट्रॅकवरचे प्लगइन एकामागोमाग चालतात, पहिल्याचं आटोपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही, म्हणून सगळं ओझं त्या एकाच्याच डोक्यावर. असा संताप आला त्या सात ऐद्यांचा!

"बाबा, मशीन का झोल है. तुमचा गळा ठीक आहे."

"तू मला बहलावू नकोस."

साथीला घेतलेले तबला-पेटीचे ट्रॅक रेंडर करून पक्के तयार ठेवले, म्हणजे त्यांचे प्लगइन चालवायला नकोत. निवांत कोअर आणखी निवांत झाले, लाल तो लालच. मग बफर वाढवला, म्हणजे मशीनला विचार करायला जरा जास्त वेळ दिला. खरखर थांबली, पण बाबांचा आवाज त्यांच्याच कानात उशिरा पोचू लागला. ते स्वतःसाठीच थांबत राहिले आणि आरती रेंगाळली.

"हे माझ्या मागून कोण म्हणतंय?" त्यांनी विचारलं. एरवी मी हसलो असतो. तेव्हा माऊस भिंतीवर फेकावासा वाटला.

बफर पुन्हा खाली आणला. घुमारा वेगळ्या ट्रॅकवर नेला, तो दुसऱ्या कोअरनं उचलला. खरखर कमी झाली, गेली मात्र नाही. आणि प्रत्येक खरखरीसरशी बाबा अधिकच दबून गाऊ लागले.

शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "मला असं लागतंय की यंदा दुसऱ्या कुणाला सांगा. माझा तर गळाच गेला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच दोर गळ्यात घालून बसलेला. माझा जीव चडफडला.

"एकदाच म्हणा. शेवटचं," मी म्हटलं. आता लाल पट्टीवर कुणाचं ओझं उरलंय ते मला ठाऊक होतं. सूर सरळ करणारा प्लगइन काढून टाकला. पट्टी झटक्यात खाली आली.

बाबांनी हेडफोन चढवला, पहिली ओळ उचलली आणि शेवटापर्यंत नेली. खरखर औषधालाही नव्हती. वरच्या सुरावर आवाज हलला, जसा आहे तसा.

"बघा, मशीनच होतं ना?"

"परत लाव," ते म्हणाले. मी लावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. वरचा सूर आला तसं त्यांनी बोट वर केलं.

"खरखर गेली. इथे आवाज हलतोय, हे पण मशीनच का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. आठही पट्ट्या खाली होत्या.