पेन सगळ्यांकडे येतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीतरी मागून परत आले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांमध्ये माझं नाव फार चांगलं आहे — आणि त्या नावाची मला आता किळस येते.

आधी आमच्या टाउनशिपबद्दल सांगते. भोपाळमधली कारखान्याची वसाहत. नवरा महाराष्ट्रातून बदलून आलेला इंजिनिअर, मी वसाहतीच्या शाळेत गणित शिकवणारी. इथे माणसाची किंमत क्वार्टरच्या टाइपवरून ठरते. दारावरच्या पाटीवर नाव बारीक आणि हुद्दा ठळक. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा बंगल्यातल्या बायका सोफ्यावर, बाकीच्या सतरंजीवर — कुणी सांगावं लागत नाही, आपापली जागा ओळखून बसतात. मी घरी येऊन या सगळ्यांना मनसोक्त हसायची. आम्ही पुण्याचे, आम्हाला काय त्याचं! आणि पुढच्या वेळी सोफ्यावर कुणी सरकून जागा दिली, की साडी सावरून बसायची.

लॉकडाऊन लागला आणि शाळा मोबाइलवर आली. आमच्याकडे ऑनलाइन फळा होता — सगळ्यांना एकदम दिसायचा, सगळ्यांना त्यावर लिहिता यायचं. पहिल्याच दिवशी दहावीच्या पोरांनी माझ्या वर्तुळाला मिशा काढल्या, शेपूट काढलं, आणि कुणीतरी अख्खं प्रमेय पुसून टाकलं. मग मी दोन लिंक केल्या. एकीवरून फळा नुसता दिसायचा. दुसरीवरून आलं की कोपऱ्यात पेन यायचं आणि लिहिता यायचं. पाहायची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली. लिहायची लिंक निवडक मुलांच्या आयांना वेगळी पाठवली, कुणाला सांगू नका म्हणून.

निवडक म्हणजे कोण? स्वतःची समजूत मी अशी घातली, की ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे ती मुलं. मोबाइलवर बोटानं भूमिती काय काढणार? कारण चांगलं होतं. फक्त मोठ्या साहेबांचा मुलगाही मोबाइलवरूनच यायचा, आणि त्याच्या आईला लिंक सगळ्यात आधी गेली होती. तेव्हा कारण राहू द्या. मी क्वार्टर बघून पेन वाटलं. ज्या बायकांना हसत होते, त्यांच्याहून मी वाईट — त्या निदान मुलांना शिकवायला जात नव्हत्या.

निशा वसाहतीबाहेरच्या आनंद नगरमधून यायची. तिचे वडील ठेकेदाराकडे वेल्डर. रोज कारखान्याच्या आत जायचे, पण कारखान्याचे नव्हते. अशा बाहेरच्या मुलांसाठी आमच्या शाळेत अकरावीला अगदी मोजक्या जागा असत, आणि त्या उपप्राचार्यांच्या मर्जीवर मिळत. निशाला अकरावीत गणित हवं होतं. त्यासाठी ती वर्षभर जीव तोडून अभ्यास करत होती. उत्तर वहीत लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरायची, आणि मी बहुतेक वेळा फळ्यावर लिहिणाऱ्यांचं कौतुक करण्यात गुंतलेली असायची. एकदा तास संपल्यावर थांबून तिनं विचारलंही, "मैडम, मेरे में पेन क्यों नहीं आता?" मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.

मग एके दिवशी उपप्राचार्या तास बघायला ऑनलाइन येऊन बसल्या. मी त्रिकोण समजावत होते — आणि फळ्यावर त्यांचं चित्र उमटलं. जाड मान, मोठी टिकली, खाली एक ओळ. ती ओळ मी इथे लिहिणार नाही. काढणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'गेस्ट'. शाळेचा आयडी न टाकता आलं की असं दिसायचं. निशाच्या वडिलांच्या जुन्या फोनवर आयडी चालत नसे, त्यामुळे ती रोजच 'गेस्ट' असायची. "ये गेस्ट कौन है?" उपप्राचार्या कडाडल्या, आणि दोन-तीन आवाज एकदम आले — निशा.

किती सोपं होतं, बघा ना. निशा लिहूच शकत नव्हती. हे ठामपणे सांगू शकणारी मी एकटी. एक वाक्य — बस. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता: पेन मग कुणाकुणाला दिलंय, आणि बाकीच्यांना का नाही? लिंक कुणाला गेली होती हे मला पाठ होतं. चित्र त्यांच्यातल्याच एकानं काढलं होतं. मी कुणाकुणाच्या आयांशी बिघडवून घेणार होते?

त्याच दुपारी ऑनलाइन मीटिंग झाली. निशा आणि तिचे वडील एकाच फोनसमोर, खांद्याला खांदा लावून. ती रडली नाही. म्हणाली, "मैडम से पूछ लीजिए, मेरे में पेन आता ही नहीं."

आणि मी म्हणाले, "पेन तो सबके यहाँ आता है, बेटा."

बेटा म्हटलं मी. जीभसुद्धा अडखळली नाही. तिचे वडील शांतपणे म्हणाले, कल फोन लेकर आता हूँ, आप खुद देख लीजिए.

मीटिंग संपल्यावर मी चहा केला. कप शेजारी ठेवून फळ्याचं सेटिंग उघडलं आणि पाहायची लिंक लिहायची करून टाकली. म्हणजे काय केलं, कळलं ना? खोटं बोलून झालं होतं. आता ते खरं करून ठेवलं. चहाही चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो माणूस धुतलेला शर्ट घालून, मास्क लावून, मुलीला घेऊन शाळेत आला. उपप्राचार्यांच्या टेबलापुढे ताठ उभा राहिला. "मेरी लड़की झूठ नहीं बोलती, मैडम." फोन पुढे करून त्यानं स्वतःच्या हातानं फळा उघडला. कोपऱ्यात पेन आलं. त्याला पटेना. त्यानं काचेवर बोट फिरवलं, तर बोटामागे काळी रेघ उमटली.

निशानं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. तिनं सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं असतं? अकरावीची जागा गेली, ते तिथेच ठरलं. पण तिच्या बापानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजरही मीच दिलेली. आदल्या दिवसापर्यंत त्या घरात तिच्यावर विश्वास होता.

मग त्यानं माझ्यापुढे हात जोडले. "बच्ची है मैडम, माफ़ कर दीजिए."

मी म्हणाले, "कोई बात नहीं." तिच्या बापादेखत मी निशाला माफ केलं.