पुस्तकाशी कुस्ती धरणारा आकाराम

थंडी पडली होती. बावड्याच्या रस्त्यावर धुकं बसलं होतं आणि त्यात साखर कारखान्याच्या मळीचा वास मुरला होता. धुराड्यातली काळी भुकटी रात्रभर उडून अंगणातल्या बादलीत पडली होती. आकाराम चौगुल्यानं बादली विसळली, म्हशीच्या कासेला कोमट पाणी मारलं आणि उकिडवा बसून धारेला हात घातला. म्हैस पान्हा चोरत होती. एरवी तो तिला तिच्या आईवरनं सुरुवात करून पार रेडकापर्यंत शिव्या घालायचा. वर्षभर ते बंद होतं. ती सोडेल तेवढं दूध घ्यायचं आणि उठायचं.

रतीब घालून झाला की तो बाळासोच्या लायब्ररीत जायचा. लायब्ररी म्हणजे एका गाळ्याएवढी जागा, तिन्ही भिंतींना पुस्तकं आणि पुढं रस्त्याला लागून एक लांब फळी. पुस्तकं घरी न्यायला माणसं आत यायची आणि बोलायला फळीवर बसायची. आकारामचं काम नव्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं. पगार नावालाच. पण पुण्या-मुंबईहून दर महिन्याला रहस्यकथांचा लॉट यायचा, तो सगळ्यात आधी त्याच्या हातात पडायचा. त्यासाठी त्यानं फुकटसुद्धा कव्हरं घातली असती.

कादंबरीची पारख करायची त्याची तऱ्हा पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. तो पुस्तकाशी कुस्ती धरायचा. गुप्तहेर सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करतो तिथवर वाचायचं, बोट घालून पुस्तक मिटायचं आणि फळीवरच्या मंडळींसमोर खुन्याचं नाव घ्यायचं. मग बाळासो शेवटची पानं मोठ्यानं वाचणार. नाव बरोबर निघालं तर पुस्तक चीत, ते मागच्या कप्प्यात. चुकलं तर आकाराम चीत. मग तो उठून खांद्यावरची नसलेली माती झटकायचा, "ह्यानं मला आस्मान दावलं बघा," म्हणायचा आणि पुस्तक आपल्या हातानं भिंतीवरच्या दर्शनी फळीवर लावायचा. ते संध्याकाळपर्यंत कुणीतरी नेलेलं असायचं.

लबाडी त्याला खपायची नाही. एका लेखकानं शेवटच्या प्रकरणात कुणीतरी आफ्रिकेतला चुलतभाऊ आणून त्याच्या गळ्यात खून घातला, तेव्हा आकारामनं ते पुस्तक फळीवर आपटलं होतं. "ही कुस्ती न्हवं. खुनी पयल्यापासनं आपल्या नाकासमोरनं हिंडला पायजे. चहा प्याला पायजे. आनि आपल्याला दिसला न्हाय पायजे. मग खरा वस्ताद."

आणखी एक आडाखा तो नव्या वाचकांना शिकवायचा. "खून झाल्यावर सगळ्यात आधी समाचाराला कोन येतंय, तेवढं बघा. न बोलावता आलेला असंल तर सोडू नका तेला."

हा आडाखा त्यानं गेल्या साली पुस्तकाबाहेर वापरला.

त्याचा धाकटा भाऊ जयसिंग कारखान्यात कामाला होता. गळीत हंगाम ऐन भरात होता. संध्याकाळी सायकलवरनं घरी येताना त्याला उसाच्या कुठल्यातरी ट्रॅक्टरनं उडवलं. कुणी पाहिलं नाही. रस्त्यावर उसाची दोन मोडकी कांडी आणि ट्रॉलीची चाकोरी, एवढंच. पोलिसांनी पंचनाम्यात 'अज्ञात वाहन' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी नदीवर रक्षाविसर्जन होतं. भावकी जमायच्या आधीच घाटावर एकजण हार घेऊन उभा होता. कृष्णात. तिशीचा, ट्रॅक्टर चालवणारा. त्याला कुणी सांगावा धाडला नव्हता. राख गोळा करताना तो लहान पोरागत रडला.

दिवस घातल्यावर आकाराम लायब्ररीत आला. त्याच्यापुढं नवं पुस्तक होतं, त्यात बोटही होतं. निवृत्त तलाठी गणपतराव फळीवर बसले होते. ते म्हणाले, "आकाराम, पोलिसांचं काय खरं न्हाय गड्या. पुस्तकातलं एवढं काढतोस, ह्यातलं काढ की नाव."

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आकाराम रस्त्याकडं बघत रोजच्या आवाजात म्हणाला, "कृष्णात."

त्या दिवशी पेठेतल्या पोरांनी कृष्णातला ट्रॅक्टरवरनं खाली ओढून मारलं. फौजदारानं त्याला चौकीत बसवून ठेवलं. मग ट्रॅक्टरचा मालक राधानगरीहून धावत आला आणि त्यानं सांगितलं, अपघाताच्या दिवशी आमचा ट्रॅक्टर एक्सल मोडून राधानगरीतच पडला होता, गॅरेजवाल्याला विचारा. विचारलं. खरं निघालं. फौजदारानं सोडून दिलं. पण आकारामनं नाव घेतलं होतं. मालकाचा ट्रॅक्टर लोक पेठेत अडवायला लागले, म्हणून मालकानं ड्रायव्हर बदलला. पुढं कुणीच कृष्णातच्या हातात स्टेरिंग दिलं नाही. तो मार्केट यार्डात गुळाचे रवे, जड ढेपा, उचलायला लागला.

आकारामनं नाव मागं घेतलं नाही. त्यात हट्ट नव्हता. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. कृष्णात निर्दोष आहे हे त्याला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. जयसिंगची बायको माहेरी निघाली तेव्हाही "बरं" म्हणाला. पुस्तकं वाचायचा, पण मिटून नाव घ्यायचं त्यानं सोडलं होतं.

तर त्या धुक्याच्या सकाळी नवा लॉट आला होता. वरचं एक पुस्तक आकारामचं त्या ठरल्या जागेपर्यंत वाचून झालं होतं.

"बोल," बाळासो म्हणाला.

"बरी हाय."

"बरी हाय म्हंजे? वरीस झालं, सगळीच बरी हाईत! माझी बायको बी बरी हाय, तिला दर्शनी फळीवर ठिवू काय? मेंबरं इचारत्यात, आकारामला पाडलं का न्हाय, तेवढं सांगा. मी काय सांगू?"

गणपतराव हसले आणि हसता हसता थांबले. रस्त्यापलीकडनं कृष्णात येत होता. डोक्यावर पोत्याची खोळ, हातांना गुळाचा चिकटा.

"या पावणं," बाळासो घाईनं म्हणाला. "पुस्तक पायजे?"

"पुस्तक नगं. आण्णांस्नी बघाय आलोय." तो फळीपाशी येऊन उभा राहिला, बसला नाही. "आण्णा, राधानगरीच्या एका बागायतदारानं नवा ट्रॅक्टर घेतलाय. मला ठिवायला तयार हाय. पर तेनं इथं चौकशी केली. लोकं म्हणाली, आकारामनं नाव घेतलंय तेचं."

"जाऊ दे रं," गणपतराव म्हणाले. "झालं गेलं. तू नव्हतास ते मालकानं सांगितलंय की."

"मालकानं सांगितलं, फौजदारानं सांगितलं. ऐकलं कुणी? आकारामआण्णांनी न्हाय सांगितलं, मग कसलं!" त्याचा आवाज चढला. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. "इथं नाव घेतलासा, आता इथंच माघारी घ्या."

 आकारामचं बोट पुस्तकात तसंच होतं.

"रक्षाविसर्जनाला सगळ्यात आधी गेलतो, ह्येच चुकलं न्हवं माझं? जयसिंगदादानं मला स्टेरिंग धरायला शिकवलं. घरात न्हाय कळवलं कुणी, मी कारखान्यावर ऐकलं आनि तसाच पळत गेलो. उशिरा जायला पायजे हुतं व्हय?"

आकाराम उठला.  त्यानं दोन्ही खांद्यांवर हात फिरवला, माती झटकतात तसा, पण त्या झटकण्यात जोर नव्हता.

"कृष्णातच्या बाबतीत मी चीत झालो," तो म्हणाला. "ह्यानं काय केलेलं न्हाय. मी चुकीचं नाव घेतलं."

"मग कुणी केलं?" रस्त्यावरच्या दोघांतला एकजण बोलून गेला.

"ठावं न्हाय."

हा शब्द त्या फळीनं आकारामच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाळासोनं उगीच एका पुस्तकावरची धूळ फुंकली.

"विचारंल तेला सांगशिला?" कृष्णात म्हणाला.

"सांगीन."

"विचारायची वाट बघू नगासा. बागायतदार उद्या गूळ घिऊन यार्डात येनार हाय. तुमी माझ्यासंगं चला आनि तेच्या तोंडावर सांगा."

"येतो. धार काढून झाली की येतो."

कृष्णात तरीही हलेना. काम झालं होतं, पण त्याला आणखी काहीतरी हवं होतं. एखादी शिवी, डोळ्यांत पाणी, नाहीतर खांद्यावर हात. तो आकारामच्या तोंडाकडं बघत राहिला.

"माझा राग आलाय व्हय, आण्णा?"

"न्हाय."

"मग?"

"कायच आलेलं न्हाय," आकाराम म्हणाला. "लई दिवस झालं."

कृष्णातनं मान हलवली. खोळ डोक्यावर सारखी केली. "उद्या येतो न्यायला," म्हणाला आणि यार्डाच्या दिशेनं निघून गेला. थांबलेली माणसंही पांगली.

बाळासोनं गळा खाकरला. हळूच, आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "आनि ह्येचं? ह्यात कोन असंल?"

आकारामनं बोट काढून पुस्तक त्याच्या हातात दिलं. "तूच वाच शेवट. काय निघतंय ते मेंबरास्नी तूच सांग."

मग तो आत गेला. खळीवर साय धरली होती, ती त्यानं काडीनं मोडली. खाकी कागदाचा ताव मांडीवर पसरला, लॉटमधलं दुसरं पुस्तक त्यावर ठेवलं आणि कडा नखानं दाबत दुमडायला लागला.