रिकाम्या पायऱ्यांचे फोटो

मला फोटोत माणूस चालत नसे. देऊळ म्हणजे देऊळ; मध्ये कुणाची पिशवी नको की वाळत घातलेला टॉवेल नको. दर रविवारी उजाडता उजाडता मी स्कूटर काढायचो आणि जुन्या नाशकाच्या बोळांत शिरायचो. कुठे कोरीव खांब, कुठे झाडाआड दडलेली बारव, असं काहीबाही सापडायचं. बायको म्हणायची, "तुमच्या नाशकात माणसं राहतात की नुसते दगडच?" मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. एवढा मी शहाणा!

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेच्या काठी, रामकुंडापासून जरा आत, एका बोळाच्या टोकाला महादेवाचं लहानसं काळ्या दगडाचं देऊळ आहे. फारसं कुणाला ठाऊक नाही. सकाळचं तिरपं ऊन त्याच्या पायऱ्यांवर जेमतेम दहा मिनिटं पडतं, आणि नेमकी तिथेच एक मावशी झेंडू-शेवंतीची पाटी मांडून बसायची. मखमलाबादकडे त्यांचा मळा. पहिल्यांदा मी तिला "मावशी, जरा सरकता का?" म्हटलं, पुढे म्हणावंच लागलं नाही. मी उन्हाची वाट बघत उभा दिसलो की गुडघ्यावर हात टेकून उठायची. "आला का फोटोवाला! थांब, सरकते. लय घाई बाबा याला." निघताना एक शेवंती माझ्या खिशात खोचायची. मला ती फार आवडायची, खरंच सांगतो. पण तिचा फोटो काढावा असं कधी डोक्यात आलं नाही.

यंदा हिवाळ्यात दोन रविवार ती पायरी रिकामी दिसली. सांगायला लाज वाटते, पण मला बरंच वाटलं. तिसऱ्या रविवारी तिथे तिची लेक उभी होती, माझीच वाट बघत.

"आई गेली, काका. परवा दशक्रिया. पुढं ठेवायला फोटोच नाय तिचा. आधारकार्डावरचा हाय, पण त्यात आई धरून आणलेल्या चोरावानी दिसते. तुम्ही इथं एवढे फोटो काढता, एखाद्यात असंल ना?"

"बघतो," म्हणालो आणि स्कूटर घराकडे वळवली.

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलो. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. पावसातल्या, उन्हातल्या, सगळ्या कशा स्वच्छ! कुठे पाटीची कड दिसे, कुठे लुगड्याचा काठ. बाकी मीच कापून टाकलेलं. बायकोही खुर्ची ओढून शेजारी बसली, आणि संध्याकाळी तीच ओरडली, "अहो, ही बघा!" घाईत बटण दाबलं जाऊन निघालेला, बिघडला म्हणून बाजूला टाकलेला एक फोटो. मावशी अर्धवट उठलेली, एक हात गुडघ्यावर, माझ्याकडे बघून हसत होती.

तोच मोठा करून दुसऱ्या दिवशी लेकीला नेऊन दिला. गप्प बसवेना. म्हटलं, "पोरी, मी तिला दर वेळी उठवायचो गं. म्हणून हा एवढा एकच."

ती फोटोवरून हात फिरवत राहिली. "माहितीय की. आई घरी येऊन सांगायची ना सगळ्यांना. म्हणायची, त्या देवाचा फोटो मी उठल्याबिगर निघतच नाय. फोटोवाला माझ्यासाठी थांबून राहतो."

थांबायचो मी उन्हासाठी. पण ते तिला सांगणारा मी कोण?