उजवीकडे सरकलेला ठिपका

माझी मोठी बहीण अस्मिता घाटकोपरच्या आमच्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. पालकांना सांभाळायचं काम माझं, नीलमचं. ‘तुमच्या मिस पीएचडी आहेत ना? मग इथे कशा?’ असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेते. आतून मात्र जळफळाट होतो.

ताईने अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेत प्रकाशावर काम केलं. आरसा न हलवता, मोटर न लावता प्रकाशाचा किरण हवा तेवढाच बाजूला सरकवायचा, हे ते काम. त्यासाठी काचेच्या तुकड्यावर केसाहून कितीतरी बारीक खांबांच्या रांगा कोरायच्या. किरण त्यातून गेला की पलीकडे कॅमेऱ्यात त्याचा ठिपका जरासा सरकायचा. खांब किती जाड आणि एकमेकांपासून किती लांब, यावर सगळा खेळ. आईला ती सांगायची, “रांगोळीचे ठिपके चुकले की नक्षी बिघडते ना, तसंच.”

एका काचेने मात्र घोळ घातला. गणिताप्रमाणे ठिपका डावीकडे जायला हवा होता, तो गेला उजवीकडे. तिने पुन्हा मोजलं. नवी काच बनवून मोजलं. उजवीकडेच! घरी आली ती नाचतच. “नीलू, हे अजून कुणीच पाहिलेलं नाहीये गं!” इतकी खूश मी तिला नंतर कधी पाहिली नाही.

तिचे गाईड देवदत्त सर मोठे विद्वान, आणि नाक त्याहून मोठं. ते गणित त्यांचंच होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, “अगं, काच उलटी बसवली असशील. चपाती आहे का ती, दोन्हीकडून सारखी?” सगळे हसले. ताईने काच सुलटीच आहे हे सांगणारी कोपऱ्यावरची खूण दाखवली, ती सरांनी पाहिलीसुद्धा नाही. “फिरवून लाव आणि आकडे आण. नाहीतर थिसिसवर माझी सही मिळणार नाही.”

इथे मला ताईचाच राग येतो. तिने काच फिरवली. खूण चुकीच्या बाजूला ठेवून किरण सोडला आणि ठिपका मुकाट डावीकडे गेला. “बघ, झालं ना बरोबर?” सर म्हणाले. थिसिसमध्ये तोच आलेख छापला गेला. पीएचडी मिळाली तेव्हा पेढे मीच आणले होते. ताईने एकालाही हात लावला नाही.

काही वर्षांनी परदेशातल्या लोकांनी तोच प्रयोग केला. त्यांचा ठिपका उजवीकडे गेला आणि त्यांचं कौतुकच कौतुक झालं. त्यांच्या लेखात ताईचंही नाव होतं, पूर्वीचं चुकीचं मोजमाप म्हणून. ती तेव्हा एका कॉलेजात मुलाखत देऊन निकालाची वाट बघत होती. नोकरी अर्थातच हुकली. मग सरांचा फोन आला. मला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, “अस्मिता, तुला तेव्हाच सांगितलं होतं ना, काच नीट बघ म्हणून?”

“हो सर,” ताई म्हणाली. चोर तो चोर, वर शिरजोर! फोन माझ्या हातात असता तर त्यांची धडगत नव्हती.

परवा क्लास सुटल्यावर ऋतिका नावाची विद्यार्थिनी ताईकडे आली. “मिस, काचेच्या ठोकळ्यातून जाताना किरण सरकतो ना, तो माझ्या आकृतीत उजवीकडे येतोय. पुस्तकाच्या उत्तरात डावीकडे आहे. मी परत परत करून पाहिलं.”

ताईने आकृती घेतली. किरणाच्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मी दारातच उभी होते. मनात म्हटलं, ताई, आता तरी.

“पुस्तकात आहे तेच लिही.”

“पण मिस...”

“लिही म्हटलं ना. उलटं धरलं असशील कुठेतरी.”

पोरीचा चेहरा पडला. ती गेल्यावर मी विचारलं, “ताई, तिचं चुकलं होतं का गं?”

“नाही,” फळा पुसता पुसता ती म्हणाली. “पहिल्याच खेपेला बरोबर आलं होतं तिचं.”