पाल्यावरची धूळ

शांतवन सर गेले हे मला पारनेरच्या एस.टी. स्टँडवर कळलं. नगरहून आलेला आमच्या कॉलेजचा शिपाई गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "सर गेले. काल दुपारी छातीत कळ आली..." त्याला आता दीड महिना होत आला.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो तो सरांच्या घरी राहून, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, हातचं जेवून. पुढं सरांनीच मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. दुष्काळ पडला आणि त्यांनी शेवग्याचा पाला हाती धरला. पाला वाळवायचा, भट्टीत जाळून राख करायची आणि त्या राखेत कॅल्शियम किती, लोह किती, जस्त-तांबं किती ते काढायचं. "माणसं अमेरिकेची मिलो ज्वारी खाऊन जगतायत," सर म्हणत, "दारातल्या झाडात काय आहे ते त्यांना कळायला नको?"

पाला आणायचो पारनेरच्या रस्त्यावरून. तिथं दुष्काळी कामावर बायका खडी फोडत. त्यांतल्या गजराबाई आम्हाला फांद्या वाकवून देत. "सर, ह्यो पाला माझी शेळीबी खाती. तिचंबी रगात तपासा की!" बायका हसायच्या, सर त्यांच्याहून मोठ्यानं.

लोहाचा आकडा इतका मोठा आला, की सरांनी मला मिठीच मारली. लगेच रस्त्यावर जाऊन बायकांना सांगितलं, पाला खा, रक्त वाढेल. गजराबाईंची लेक यमुना पोटुशी होती, चेहरा पांढराफटक. रक्तवाढीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात जायचं तर कामाचा खाडा पडे.

"मंग गोळ्या न्हाई आनल्या तर चालंल का?" गजराबाईंनी विचारलं.

"पाला रोज खाल्ला तर चालेल," सर म्हणाले.

पुढं सोनईकडच्या एका विहिरीवरचा पाला तपासला, तर लोह फारच कमी. मग पारनेरचाच पाला पुन्हा आणून सरांनी स्वतःच्या हातानं धुतला, जाळला, मोजला. आकडा कोसळला. टँकरच्या पाण्यावर दिवस चाललेले, म्हणून आधीचा पाला न धुताच वाळवला होता. पानापानावर खडीची धूळ होती, आणि जास्तीचं लोह त्या काळ्या दगडातलं. आम्ही झाड मोजलंच नव्हतं... रस्ता मोजला होता.

सर त्याच दुपारी गाडीत बसले, मी बरोबर होतो. गजराबाई खडीच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. मांडीवर तान्हं मूल. यमुना बाळंतपणात गेली होती. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. गजराबाईंनी ऐकून घेतलं.

"धूळ व्हय..." त्या म्हणाल्या, "मंग धूळच खाल्ली म्हना लेकीनं." मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "बसा सर. उन्हाचं आलाय." सर तिथंच खडीवर बसले.

गोळ्यांनी यमुना वाचली असती का, ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यानंतर मात्र सर सुट्टीच्या दिवशी कधी घरी राहिले नाहीत. एकेका दुष्काळी कामावर जायचे आणि सांगायचे, "पाला चांगलाच आहे. खा. पण गोळ्या सोडू नका. मी चुकीचं सांगितलं होतं."

परवा बाईंना भेटायला गेलो. अंगणातल्या शेवग्याचा पाला त्या परातीत धूत होत्या. सर असेच धुवायचे, पाणी बदलून बदलून, आणि ते पाणी पुन्हा झाडालाच घालायचे. तिसऱ्या पाण्याला तळाशी काहीच बसलं नाही. परातीतलं पाणी नितळ दिसत होतं.

"बाई, झाला की आता स्वच्छ," मी म्हणालो.

"ह्यांचं समाधान नाही व्हायचं," त्या म्हणाल्या, आणि चौथं पाणी ओतलं.