वीस तारखेचा डबा

पुतळाबाईचं उल्हासनगरात कोणीतरी आहे, ही बातमी अंबरनाथच्या बुवापाड्यात आधी नळावर फुटली की पिठाच्या गिरणीत, यावर अजून वाद आहे. बाकी तपशिलाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. दर महिन्याच्या वीस तारखेला बाई न्हाऊनमाखून, आबोलीचा गजरा माळून, हातात तीन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन शेअर रिक्षात बसते. उल्हासनगरला उतरून एका अंधाऱ्या जिन्याने वर जाते. वर श्यामकांत नावाचा गृहस्थ बसतो. बिनलग्नाचा! दुपारी बाई परत येते तेव्हा डबा रिकामा असतो, कारण तो वाजतो. आता याहून जास्त पुरावा पोलीससुद्धा मागत नाहीत.

पुतळाबाईच्या कानावर हे आलंच होतं. तिला राग आला नाही. उलट बासष्टाव्या वर्षी लोक आपल्यावर संशय घेतात म्हणजे गजरा शोभतो तर, असा हिशोब करून तिने पुढच्या महिन्यापासून गजरा बोटभर लांब केला.

बाईचा धंदा हाऊजीचा, म्हणजे तंबोल्याचा. खेळायचा नव्हे, पुरवायचा. मंडळं कुणाच्या औषधपाण्यासाठी, कुणाच्या शाळेच्या फीसाठी हाऊजी ठेवतात. त्यांना लागणारी तिकिटांची बुकं, आकड्यांच्या सोंगट्या आणि मोठा बोर्ड पुतळाबाईकडे मिळतो. नवरा जयदेव गेल्यावर तिने आधी आकडे पुकारायला सुरुवात केली. "एकवीस, पोरगा लग्नाला मोकळा! साठ, साहेब घरी बसला!" तिच्या आवाजावर मंडप भरायचे. मग तिच्या लक्षात आलं की पुकारून घसा बसतो, तिकिटं विकून पोट भरतं. धंदा एवढासा, की जीएसटीचा नंबर घेतलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. पण अंबरनाथच्या कारखान्यांतले क्लब पक्कं बिल मागायचे, म्हणून घेतला. आणि एकदा घेतला तो घेतला. कारखाना असो की भजनी मंडळ, प्रत्येकाला बिल.

तिथेच बनूबाईशी वाजलं.

बनूबाई म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष. मूळची देशावरची, आवाज असा की माइक बंद पडला तरी सभा चालू राहते. बालवाडीला पंखे बसवायचे म्हणून कोजागिरीला हाऊजी ठरली होती. पाचशे तिकिटांचं बिल तिने पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय गं पुतळे?"

"टॅक्स."

"पंखे बालवाडीला लावायचेत का सरकारच्या घरात? पुण्याच्या कामाला कसला आलाय टॅक्स?"

"पुण्य तुमचं, बनूबाई. तिकिटा तं इकतच घेतल्या ना?"

"तो दुसरा तिकिटवाला, अल्पेश, बिलाशिवाय देतो."

"मंग त्याच्याकडना घ्या. माज्याकडं बिल नाय तं तिकीट नाय."

बनूबाई तरातरा निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत जुन्या बातमीला नवी शेपटी फुटली. टॅक्सच्या नावावर बाई मंडळांना लुटते आणि त्या पैशाचे डबे करून श्यामकांताला खिलवते!

हे मात्र पुतळाबाईला हसण्यावारी नेता येईना. गजऱ्याचं ठीक होतं, पण चोर? बुवापाड्यातली सगळी मंडळं बनूबाईच्या मागून चालत. रात्रीच्या आत दोघांचे फोन आले, "तिकिटांचं नंतर कळवतो हं." कोजागिरी ते हळदीकुंकू हाच तिचा हंगाम. तो गेला तर वर्ष गेलं, आणि नाव गेलं तर धंदाच गेला.

सकाळी ती गजरा माळून, डबा घेऊन बनूबाईच्या दारात उभी राहिली.

"आज वीस तारीख हाय. रिक्षाचं भाडं माजं. चला, दाखवतं माजा माणूस."

"मला काय करायचंय गं तुझ्या भानगडीशी?" बनूबाई म्हणाली. म्हणेपर्यंत तिने चपला घातल्यासुद्धा होत्या.

उल्हासनगरच्या त्या जिन्यावर बनूबाई दोनदा थांबली, एकदा दमून आणि एकदा कान देऊन. वर गेल्यावर मात्र तिची निराशा झाली. खोलीत पलंग नव्हता, पडदा नव्हता. फायलींचे ढीग, एक कॉम्प्युटर, आणि त्यामागे चष्म्यातून बघणारा काडीसारखा श्यामकांत, कर सल्लागार.

"आज दोघी?" तो घाबरून म्हणाला.

पुतळाबाईने टेबलावर डबा उघडला. वरच्या पुडात रबर लावलेल्या नोटा. मधल्या पुडात तेवढ्याच नोटा. खालच्यात दोन तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी.

"वरचा केंद्राचा, मधला राज्याचा. दोघांना सारखं. खालचा माजा. ह्ये साहेब तं वासानंच खिडकी उघडतात."

श्यामकांतने खरंच खिडकी उघडली. मग बिलबुक घेऊन तो गेल्या महिन्याची बिलं एकेक वाचत कॉम्प्युटरवर चढवू लागला. छापखान्याला कागद-छपाईवर आधीच दिलेला कर त्याने वजा धरला. "पुढचं... महिला मंडळ, बुवापाडा. गौरी-गणपतीची हाऊजी, तीनशे तिकिटं."

बनूबाईने झडपच घातली. "सापडली चोरी! ते कसं धरलं? त्याचे पैसे आम्ही अजून दिलेलेच नाहीत!"

बोलून गेली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिने जीभ चावली.

"पैसे हातात कधी आले, हे सरकार विचारत नाही," श्यामकांत म्हणाला. "बिल फाडलं की त्या महिन्याचा कर भरायचा."

"मग आमचा भरला कुणी?"

"मीच भरतंय," पुतळाबाई भाकरीचा पूड बंद करत म्हणाली. "माज्या गजऱ्याच्या पैशातना."

श्यामकांतने चलन काढून दिलं. खाली बँकेच्या खिडकीपाशी रांग होती. पुतळाबाई नोटा मोजत उभी, आणि डबा धरून तिच्यामागे बनूबाई. कुणी मध्ये घुसायला बघितलं तर, "ओ भाऊ! सरकारचं काम चाललंय!" म्हणून ओरडायलाही तीच. परत वर गेल्यावर मोबाइलवर ओटीपीचा आकडा आला, तो पुतळाबाईने हाऊजी पुकारतात तसा खणखणीत पुकारला आणि विवरणपत्र गेलं. मग दोघींनी जिन्यात बसून एकेक भाकरी खाल्ली.

परतीच्या रिक्षात रिकामा डबा बनूबाईच्या मांडीवर वाजत होता. अंबरनाथ आलं तशी तिने तो पुतळाबाईच्या हातात दिला. मग म्हणाली, "मागचे पैसे आज देते. आणि तिकिटं सहाशे पाठव. बिल मोठ्या अक्षरात फाड, भिंतीला लावते. नळावरसुद्धा मीच सांगते सगळं."

पुतळाबाईने गजरा सारखा केला.

"टॅक्सचं सांगा गो. श्यामकांताचं ऱ्हाव दे."

खरं एवढंच: जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख वीस. पुतळाबाई गिऱ्हाइकांकडून घेतलेला कर भरायला जात असे. तो भरला की डबा रिकामा होई.